अंगणात काय अंथरू? आधी जरा वर बघा

प्रश्न (थोडक्यात): आमच्या घरामागे साधारण ३० बाय २० फुटांची मोकळी जागा आहे. आमच्याकडे उन्हाळा कडक आणि लांबलचक असतो, दुपारी पारा ४० च्या वर जातो. घरात दोन कुत्री आहेत, एक ६ वर्षांची लॅब्रॅडॉर आणि एक वर्षाचा मिक्स ब्रीड पोरगा. दोन वर्षांपूर्वी हौसेनं लॉन लावलं होतं, त्याची आता पार वाट लागलीय. जागोजागी जळके गोल पडलेत, कुंपणाच्या कडेनं पळून पळून मातीची पायवाट झालीय आणि छोट्यानं सगळीकडे खड्डे खणून ठेवलेत. पाऊस पडला की चिखल थेट घरात. नवऱ्याचं म्हणणं, आर्टिफिशियल टर्फ (प्लास्टिकचं गवत) टाकू, एकदाची कटकट संपेल. मला खडी बरी वाटते, सासरे म्हणतात सरळ काँक्रीट करून टाका. दुपारी तसंही दोघं पाण्याच्या टाकीखाली खड्डा करून पडलेली असतात, अंगणाचा काही उपयोगच होत नाही. प्लीज एकच असं काहीतरी सांगा जे सगळ्या अंगणात टाकता येईल, कुत्री खराब करणार नाहीत आणि मेंटेनन्स लागणार नाही.

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही मनातल्या मनात तुलना करायला लागले, टर्फ बरं की खडी बरी, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या टाकीच्या ओळीपाशी अडकले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, थोडी तक्रारीच्या सुरात, पण अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. तुमच्या दोघांनी ६०० चौरस फूट जागेतून दुपारसाठी एक कोपरा निवडला, वरची तापलेली माती उकरून बाजूला केली आणि खालच्या गार मातीवर पोट टेकून झोपली. म्हणजे तुम्ही मला जे विचारताय त्याचं अर्धं उत्तर ती दोघं रोज दुपारी देतायत.

कुत्री उगाच खणत नाहीत असं मी म्हणणार नाही, एक वर्षाचं पोर आहे, निम्मे खड्डे निव्वळ मस्तीतच झाले असणार. पण उन्हाळ्यात सावलीत खणलेला आणि आत झोपलेला खड्डा म्हणजे त्यांचा एसी आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या कामाच्या ग्रंथी फक्त पंजांच्या गाद्यांमध्ये, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य उपाय दोनच, एक धापा टाकणं आणि दुसरा म्हणजे कमी केसांचं पोट गार जमिनीला लावून पडणं. आता या जमिनीवर तुम्ही काहीतरी अंथरणार आहात. मग पहिला प्रश्न "हे टिकेल का" असा असायला नको, "हे दुपारी दोन वाजता किती तापेल" असा असायला हवा.

म्हणून तुमच्या नवऱ्याच्या टर्फपासूनच सुरुवात करते. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत २००२ मध्ये त्यांच्या मैदानावरच मोजमाप केलं होतं. खरं गवत सरासरी २६ अंशांच्या आसपास, शेजारचं डांबर ४३, आणि सिंथेटिक टर्फ ४७, म्हणजे टर्फ डांबरापेक्षाही गरम. सगळ्यात कडक उन्हाच्या दिवशी टर्फचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. मग त्यांनी पाणी मारून बघितलं, तर ७९ अंशांचं टर्फ झटकन २९ वर आलं, सगळ्यांना बरं वाटलं असेल, पण पाच मिनिटांत ते परत ४९ आणि वीस मिनिटांत ७३. म्हणजे "थोडं पाणी शिंपडलं की झालं" असं जे विकणारे सांगतात ते खरंच आहे, फक्त दर पाच मिनिटांनी शिंपडावं लागेल. आणि ५२ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर मिनिटभरात कातडी भाजू शकते हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचे आकडे आपोआप डोळ्यांसमोर येतात.

याचा अर्थ टर्फ म्हणजे कायमच वाईट असा नाही हं. पूर्ण सावलीत, छोट्या तुकड्यात, खाली पाणी नीट झिरपेल अशी खडीची बैठक आणि भोकं असलेली बॅकिंग असेल, आत भरायला रबराच्या चुऱ्याऐवजी वाळू किंवा झिओलाइट असेल (झिओलाइट अमोनिया धरून ठेवतं, त्यामुळे वास कमी येतो), तर ते चालतं. वास हा टर्फचा दुसरा मोठा विषय. मातीत शू मुरते आणि मातीतले जीवजंतू तिचा निकाल लावतात, टर्फवर ती तशीच वाळत राहते आणि युरियाचा अमोनिया होतो. म्हणजे रोज पाइप मारणं आलं, आठवड्याला एन्झाइमवालं क्लीनर आलं, शी उचलून झाल्यावर धागे धुणं आलं. तुमचे अहो ज्याला "कटकट संपली" म्हणतायत ती फक्त दुसऱ्या बादलीत ओतलेली कटकट आहे.

त्यांच्याशी वाद घालू नका, एक काम करा. विकणाऱ्याकडून टर्फचा वीतभर सॅम्पल तुकडा मागून आणा, देतात ते, आणि अंगणात जिथे सगळ्यात जास्त ऊन येतं तिथे सकाळपासून ठेवून द्या. शेजारी एक फरशीचा तुकडा, एका परातीत थोडी खडी, थोडी लाकडाची साल जे काही मनात असेल ते सगळं मांडा. दुपारी दोन वाजता हाताची मागची बाजू प्रत्येकावर सात सेकंद टेकवून बघायची, अहोंना आणि सासऱ्यांनाही बोलवा. ज्यावर सात सेकंद हात ठेववत नाही त्यावर कुत्र्यानं चालायचं नाही, इतकी साधी ती टेस्ट आहे. घरातली अर्धी चर्चा त्या दोन मिनिटांत संपेल असा माझा अंदाज आहे.

काँक्रीटबद्दल फार लिहीत नाही. तापतं, रात्री उशिरापर्यंत उष्णता धरून ठेवतं, आणि लॅबसारख्या जड कुत्र्याच्या सांध्यांना रोजची कडक जमीन बरी नाही, त्यात तुमची पोरगी ६ वर्षांची म्हणजे म्हातारपणाकडे निघालेली. शिवाय सगळं पाणी वाहून जाणार कुठे हाही प्रश्नच. सासऱ्यांना एक छोटा पट्टा काँक्रीटचा द्या की, घराच्या दाराला लागून, त्याचा उपयोग पुढे सांगते.

खडीचं मात्र मला माझ्या चुकीवरून सांगायचंय. माझ्याकडे पूर्वी एक काळा कुत्रा होता, तोंडाला लागेल ते गिळणारा. अंगण करून देणाऱ्यांनी सांगितलं की पांढरी खडी टाका, कुत्र्यांसाठी एकदम सेफ, दिसायलाही छान. दिसायला खरंच छान होती. पंधरा दिवसांत पठ्ठ्याच्या पोटात तीन दगड, एक्सरेमध्ये चंद्रासारखे दिसत होते, आणि मग ऑपरेशन. खडी विकत घेताना मी रंग बघितला होता, कुत्रा बघितला नव्हता. तुमच्याकडे लॅब आहे आणि लॅब म्हणजे चालताबोलता व्हॅक्यूम क्लीनर, त्यामुळे आधी खात्री करा की दोघांपैकी कोणी दगड चघळत नाही. चघळत असेल तर खडी, गोटे हा विषयच बंद. नसेल तर टोकदार फोडलेली खडी घेऊ नका, पंजे कापले जातात, गुळगुळीत बारीक गोटे घ्या, साधारण शेंगदाण्याएवढे म्हणजे ६ ते १० मिलिमीटरचे. रंग फिका, कारण काळा दगड तव्यासारखा होतो. खाली प्लास्टिकची शीट अजिबात घालू नका, बरेच जण घालतात तण येऊ नये म्हणून, आणि मग शू त्या शीटवर साचून महिनाभरात अंगणाचं मुतारीघर होतं. पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड घाला आणि वर सातआठ सेंटिमीटरचा थर द्या. अख्ख्या अंगणात मात्र नको. गोट्यांवर कोणी लोळत नाही, ना कुत्रं ना माणूस.

आता लॉनकडे येऊ, कारण मला वाटतं तुम्ही गवताला जरा लवकरच नापास केलंय.

तुमच्या पत्रात गवत कुठलं होतं ते नाहीये, पण उष्ण हवेत कुत्र्यांच्या पायाखाली टिकणारं गवत म्हणाल तर पहिलं नाव बर्म्युडा ग्रासचं, आणि हे बर्म्युडा ग्रास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली हरळी. बागेत नको असते तेव्हा उपटून उपटून हात दुखतात आणि तरी परत येते, ती का परत येते तर जमिनीवरून धावे सोडते आणि जमिनीखालूनही खोडं पसरवते. हाच दुर्गुण कुत्र्यांच्या अंगणात सगळ्यात मोठा गुण ठरतो, कारण फाटलेली जागा ती स्वतःच शिवते. तिची एकच अट, ऊन. रोज सहा ते आठ तास थेट ऊन नसेल तर हरळी विरळ होत जाते आणि मग कितीही खत घाला. झोयशियाही चांगलं, दाट गादीसारखं होतं, थोडी सावली सोसतं, पण फार हळू वाढतं आणि एकदा उखडलं की भरायला तेवढाच वेळ घेतं, तुमच्या एक वर्षाच्या बाळासमोर त्याचा निभाव लागणं कठीण दिसतंय. सेंट ऑगस्टीन नावाचं रुंद पात्याचं गवत सावलीत बरं राहतं, पण तुडवलेलं त्याला सोसत नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे. जिथे हरळी जगते तिथे भर दुपारी कुत्री बसणार नाहीत, आणि जिथे कुत्री दुपारी बसतात तिथे हरळी जगणार नाही. म्हणून "सगळ्या अंगणात एकच काहीतरी" हे मुळातच जमणारं गणित नाहीये, मग ते गवत असो नाहीतर टर्फ. आपण घरातसुद्धा मोरीत आणि झोपायच्या खोलीत एकसारखी जमीन करत नाही, अंगणाकडून मात्र तशी अपेक्षा ठेवतो.

ते जळके गोल. त्याबद्दल एक समज फार पसरलाय की कुत्र्याची शू आम्लधर्मी असते म्हणून गवत जळतं. तसं नाहीये, जळतं ते नायट्रोजन आणि क्षारांच्या जास्त डोसमुळे, म्हणजे एकाच जागी मूठभर युरिया ओतल्यावर जे होईल तेच. नीट बघा, जळक्या गोलाच्या कडेनं गवत उलट जास्तच हिरवंगार झालेलं असतं, तिथे डोस कमी पडला म्हणून ते खत झालं. माद्या खाली बसून सगळी एकाच जागी करतात त्यामुळे गोल त्यांच्या नावावर जास्त जमा होतात, म्हणजे तुमच्याकडची संशयित कोण ते कळलंच. अमेरिकेत एका पशुवैद्यानं चार गवतांवर हे करून बघितलं होतं, त्यात फेस्क्यू आणि रायग्रास चांगली टिकली आणि हरळी लवकर जळली. पण फेस्क्यू, रायग्रास ही थंड हवेतली गवतं, तुमच्या उन्हाळ्यात ती शूपर्यंत पोचणारच नाहीत, त्याआधीच मरतील. हरळी जळते पण भरून येते, हा व्यवहार मला तरी बरा वाटतो. उपाय एकच आणि बिनखर्चाचा, शू झाली की लगेच त्याच जागी तिच्या तिप्पट तरी पाणी ओतायचं. गवत वाचवण्यासाठी कुत्र्याच्या खाण्यात व्हिनेगर, टोमॅटोचा रस किंवा कसल्या पावडरी घालायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. शूचा पीएच बदलून गवताला फारसा फरक पडत नाही, कुत्र्याला मात्र मुतखड्याचा त्रास लागू शकतो. लॉन परत लावता येतं.

गवत सोडून दुसरं काही पसरणारं हवं असेल तर जलपिंपळीचा विचार करता येईल. जमिनीसरपट वाढते, उष्णता सोसते, पाणी गवतापेक्षा कमी मागते आणि तिच्यावर चाललेलं तिला चालतं. अडचण अशी की तिला बारीक फुलं येतात आणि मधमाश्या जमतात, आणि तुमचा धाकटा उडणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे तोंड उघडून धावत असेल तर फुलं येण्याआधी वरून कापत राहावं लागेल. पांढरा क्लोव्हर इंटरनेटवर फार गाजतो, शूनं जळत नाही वगैरे खरंच आहे, पण तोही थंड हवेतला, कडक उन्हाळ्यात मान टाकतो. आणि दोन गोष्टी मात्र चुकूनही लावू नका. एक वेडेलिया, पिवळ्या फुलांची, नर्सरीवाले हौसेनं देतात, ती इतकी पसरते की जगातल्या सगळ्यात त्रासदायक आक्रमक वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे. दुसरी ट्रॅडेस्कॅन्शिया, ती जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांची लोंबणारी, तिच्यावर लोळून कितीतरी कुत्र्यांच्या पोटाला आणि पंजांना खाज सुटते आणि लोक महिनोन्‌महिने शाम्पू बदलत बसतात.

लाकडाची साल किंवा चिप्स मला सावलीच्या जागेसाठी आवडतात. मऊ असतात, त्यातून पाणी जातं, खालची माती गार राहते आणि खणलं तरी दाताळ्यानं दोन मिनिटांत सारखं करता येतं. दर वर्षी थोडी भर घालावी लागते, कुजतात ना त्या. घेताना एवढंच बघा की कोकोच्या टरफलांचं आच्छादन नको, त्यात चॉकलेटमधलंच, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमिन असतं आणि वासही तसाच गोड, लॅबसमोर ते ठेवणं म्हणजे आमंत्रणच. रबराचे चिप्सही नकोत, तापतात आणि गिळले की अडकतात. पावसात चिप्सवर कधीकधी पिवळा फेसासारखा बुरशीटाइप प्रकार उगवतो, इंग्रजीत त्याचं नावच "कुत्र्याची ओकारी" असं आहे, बघून दचकाल, पण तो सहसा निरुपद्रवी असतो. अळंबीच्या छत्र्या उगवल्या तर मात्र लगेच काढून टाका, कुठली विषारी कुठली नाही हे ओळखत बसायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्याच अंगणाचं बोलू. काही विकत घ्यायच्या आधी एक दिवस फक्त फोटो काढा, सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता, वरच्या खिडकीतून जमलं तर उत्तमच. सावली कुठून कुठे सरकते ते कळेल. मग पहिला खर्च जमिनीवर न करता डोक्यावर करा. सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंशांनी गार असू शकतो असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, ईपीएची, माहिती सांगते, आणि हा फायदा खाली कुठलंही मटेरियल असलं तरी मिळतो. झाड लावलंत तर सर्वात छान पण त्याला काही वर्षं लागतील, तोवर शेडनेट, ७५ टक्के ऊन अडवणारं. ते फार खाली बांधू नका, वारा खेळता राहिला पाहिजे, आणि लक्षात ठेवा की दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं, त्यामुळे नेट डोक्यावर आणि सावली भलतीकडेच असं होतं, तर पश्चिमेची बाजू थोडी खाली उतरवून बांधा.

त्या सावलीखाली, टाकीच्या आजूबाजूला, चिप्स टाका आणि त्यातच एक खणायची हक्काची जागा करा. चार बाय पाच फूट, दीडदोन फूट खोल, वाळू आणि माती मिसळून, कडेला लाकडाचे ओंडके. धाकट्याची खेळणी त्यात अर्धवट पुरून ठेवा, दुसरीकडे खणताना दिसला की न ओरडता उचलून इथे आणायचं. हे जादूसारखं चालतं असं नाही, महिनादीड महिना लागतो, पण चालतं. वाळू रोज संध्याकाळी थोडी ओली केली तर दुसऱ्या दिवशीही गार राहते.

कुंपणाकडची पायवाट, तिच्याशी भांडू नका. कुत्री हद्दीवर गस्त घालतात आणि घालत राहणार, तिथे तुम्ही सोन्याचं गवत लावलंत तरी महिन्यात माती होईल. तिलाच नीट रस्ता करा, दोनअडीच फूट रुंद, बारीक मुरूम दाबून किंवा चिप्स टाकून, संपलं. शूसाठी एका टोकाला, घरापासून आणि झोपायच्या जागेपासून लांब, गोट्यांचा छोटा चौकोन, सात बाय सात फूट पुरे, जवळ नळ असेल तर धुवायला सोपं. तिथेच जायची सवय पट्टा लावून नेऊन लावावी लागते, केल्यावर शाबासकी द्यायची, लॅबला तर बक्षीस मिळतंय म्हटल्यावर दोन आठवड्यांत कळेल. आणि मधली उन्हाची जागा जेवढी उरेल ती हरळीला. सकाळी आणि संध्याकाळी तिथे धावायचं, दुपारी तसंही कोणी जाणार नाही.

दाराला लागून सासऱ्यांचा पट्टा, तीनचार फूट रुंद, फिक्या रंगाच्या खरखरीत फरश्यांचा किंवा काँक्रीटचा, घरापासून बाहेर उतार दिलेला, छपराखाली. त्यावर एक जाडजूड पायपुसणं. चिखल तिथे निम्मा तरी झडतो, बाकीचा सोफ्याच्या नशिबात आहेच.

लॉन लावताना एक चूक सगळे करतात, तुम्हीही केली असावी, की लावलं आणि आठवड्यात कुत्री सोडली. हरळीच्या काड्या किंवा बुंधे लावले तर चारसहा आठवडे, तयार रोल अंथरले तर दोनतीन आठवडे तरी पाय पडायला नको. तात्पुरती जाळी लावून आधी अर्धं करा, ते धरलं की उरलेलं. लॉन नीट धरल्यावर पाणी रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा दोनतीन दिवसांनी पहाटे भरपूर द्या, मुळं खोल जातात. आणि उन्हाळ्यात फार बुटकं कापू नका, दोन इंचांपर्यंत ठेवा.

मेंटेनन्स नको, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. कुत्री असलेल्या घरात शी रोज उचलावी लागणार, खाली काहीही असलं तरी. जंताची अंडी शीमधून पडल्यावर संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं राहू शकतात, हूकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या तर गरम ओलसर वाळूत त्याआधीच, काही दिवसांत तयार होतात, आणि त्या आपल्याही अनवाणी पायांतून आत शिरतात. रोज उचललं तर हा सगळा प्रकार सुरूच होत नाही. वाढलेल्या गवतात गोचीड बसतात, रानगवताला कुसळं आली की ती पंजाच्या बेचक्यात आणि कानात घुसून आत आत जातात, त्यामुळे फुलोरा येण्याआधी कडेचं गवत काढायचं. साचलेलं पाणी ठेवायचं नाही आणि लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस झालीय का ते व्हेटला विचारून घ्या.

खताचं तर ठळक अक्षरात लिहावंसं वाटतंय. लॉनला एरंडीची पेंड घालू नका, कोणी कितीही सेंद्रिय म्हणून दिली तरी. एरंडीत रिसिन नावाचं जहाल विष असतं, पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो, आणि ती खाऊन कुत्री गेल्याची उदाहरणं आहेत. हाडांचं खतही लॅब चाटूनपुसून खाईल. नीट कुजलेलं कंपोस्ट घाला, तेही पसरवून पाणी मारून दिवसभर दार बंद. कडेला झाडं लावताना सायकस, कण्हेर (लाल, पांढरी, पिवळी सगळ्या), अडेनियम, घाणेरी हे टाळा. सायकसच्या बिया तर एकदोन खाल्ल्या तरी यकृत निकामी होऊ शकतं, आधीपासून अंगणात असेल तर आज संध्याकाळीच काढा, बाकीचा प्लॅन नंतर.

सगळं एकदम करायची घाई नाही. या उन्हाळ्यात फक्त नेट, चिप्स आणि शूचा कोपरा करा, लॉन पावसाच्या तोंडावर लावा, धरायला सोपं जाईल. आणि टाकीखालचा तो खड्डा निदान नेट बांधून होईपर्यंत तरी बुजवू नका, दोघांना दुपारी दुसरं कुठे जायला जागा नाहीये.